डबा ठेवून जावा

पहिल्या दिवशी पान अडकलं.
कडोलीच्या पतसंस्थेत, टॅबवर,
यल्लूबाई पावशेंनी ‘खातं उघडा’ दाबलं
आणि पांढरं चाक फिरत राहिलं.
मग त्यांनी पुन्हा दाबलं.
इकडे टिळकवाडीत, तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ,
मला त्या दिसत नव्हत्या,
लॉगमध्ये नुसती एकच ओळ नऊदा उमटली.
नऊ वेळा ‘आपले स्वागत आहे’
म्हणजे स्वागत नव्हे, तगादा.

चूक माझीच.
पत्र रवाना होईपर्यंत
मी माणसाला दारात उभं केलं होतं.

घरी जाताना वडगावात भरमाण्णा हुंदऱ्याची गिरणी लागते.
लाईट गेलेली. आत कुणी नाही,
कट्ट्यावर डबे मात्र रांगेत बसलेले.
ज्वारी, तांदूळ, भाजणी.
झाकणात चिठ्ठ्या, काही मराठीत, काही कन्नडात,
एकीवर नुसतंच ‘मोठी वहिनी’.
भरमाण्णा पायरीवर तंबाखू मळत म्हणाला,
“डबा ठेवून जावा की.
थांबून काय पीठ लवकर पडतंय?”
मागून आलेल्या बाईला तेच:
“इट्टु होग्री.”

रात्री मी रांग बांधली.
आता बटण दाबलं की पान लगेच म्हणतं,
झालं, या तुम्ही.
खरं तर झालेलं काहीच नसतं.
मागच्या खोलीत एक चिठ्ठी पडते,
तिच्यावर फक्त सभासद क्रमांक.
पत्ता दळायच्या वेळी बघायचा,
मधल्या वेळात बदललेला असायचा.
आणि हात नसलेला एक कामगार
चिठ्ठी उचलतो, पत्र धाडतो, पुढची उचलतो.
समोरच्या सर्व्हरनं नाही म्हटलं तर भांडत नाही.
एका मिनिटानं विचारतो. मग चार. मग सोळा.
उधारी मागणाऱ्या भल्या माणसासारखा
दर खेपेला थोडं जास्त थांबून.
आणि दळून झालेल्या डब्यावर खडूची फुली,
पीठ पुन्हा जात्यात जायला नको.

दोन हजार तीनशे चाळीस पत्रं गेली पहाटेपर्यंत.
गेट पडलं, मालगाडी गेली, गेट उठलं.
पडद्यावर: रांगेत शून्य.
मी चहा टाकला, दोन चमचे साखर जास्त.

तिसऱ्या दिवशी फोन, गोव्यातून, वेर्ण्याहून.
“मी नागेश पावशे. यल्लूबाई माझी आज्जी.
तुमची चौदा पत्रं आलीत मला.
गल्लीतल्या सगळ्या बायकांनी माझाच पत्ता दिलाय.”

त्यांच्यातल्या एकीकडेही ईमेल नव्हता.
फॉर्मवरचा तो रकाना सक्तीचा होता.
लाल फुली मीच काढली होती त्याच्यापुढं.

नागेश रात्रपाळीला. सुटला की झोपतो,
उठून एकेकीला लावतो,
काकी, तुमचं पत्र आलंय, वाचू?
काकी डेअरीवर दूध घालायला गेलेली.
मग दुसरी. दुसरीचा फोन पोराकडं.
मग परत पहिली.
असं करत पाच जणी झाल्या.
उरलेल्या नऊ जणींचे दुवे मेले.
चोवीस तासांची मुदत, तीही माझीच.

म्हणजे रांग संपली नव्हतीच.
वेर्ण्यातल्या एका खोलीत
चार्जरला लावलेल्या मोबाईलभोवती
कडोलीच्या नऊ बायका उभ्या होत्या,
आणि कामगाराला झोप येत होती.

मी मुदत सात दिवस केली.
नऊ चिठ्ठ्या पुन्हा टाकल्या.
“सावकाश कर,” म्हटलं, “घाई नाही.”
“हां,” तो म्हणाला. “खरं ताई,
एका पत्रावर नाव नाही. नुसते चौकोन आहेत, ओळीनं.
हे कुणाचं?”
मी क्रमांक शोधू लागले.
तो तिकडून जांभई देत,
“ऱ्हाऊ दे. होन्नव्वाचं असणार.
कन्नडात नाव लिहिणारी आमच्या गल्लीत ती एकटीच.
आधी तिलाच लावतो.”